फोटोच्या कोपऱ्यातली वेळ

तीर्थपुरी,
९ ऑगस्ट २०२५, राखीपौर्णिमा

उषास,

तुझी राखी आली नाही. येणार नाही हे ठाऊक होतं, तरी काल पोस्टमन गल्लीत शिरला तेव्हा मी दारात उभा होतो. त्यानं लांबूनच मान हलवली. आता त्यालाही माहीत झालंय.

फोन केला की दाजी उचलतात आणि "ती मळ्यात गेलीय" म्हणतात. गेली अडीच वर्षं तू मळ्यातच आहेस. मंठ्याच्या मळ्यात एवढं काय पिकतं देव जाणे. मी देव मानत नाही, तरी तोच जाणे. म्हणून हे पत्र. पत्राला मळ्यात गेलीय म्हणून सांगता येत नाही.

आदिनाथच्या तेराव्याला, शहागडला, त्याच्या फोटोला हार घातलेला असताना तू भर मांडवात उभी राहून म्हणालीस, "दादा, तुझ्या जिभेनं माझ्या लेकीचं कुंकू पुसलं." मी मोर्चे नेलेत, सभा उधळायला आलेल्यांना खाली बसवलंय. त्या दिवशी मला एक वाक्य सुचलं नाही. अडीच वर्षांनी सुचतंय ते ऐक.

आपल्या जावयाला मुहूर्तानं मारलं नाही. जानेवारीची थंडी, हायवेवर धुकं, पुढे उसानं लादलेली ट्रॉली. तिला मागे लाल दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, पोत्याचा एक फडका बांधलेला. मोटारसायकल तिच्यात घुसली. त्या ट्रॉलीच्या मालकाला कुणी एक शब्द विचारला नाही. दरसाल गाळपाचा हंगाम सुरू होतो, दरसाल अशी माणसं मरतात, आणि आपण पंचांग उघडून बसतो!

बघ, पुन्हा भाषण झालं.

पुरावा म्हणून तुम्ही सगळे एक फोटो दाखवता. तृप्तीच्या दिराच्या, धर्मराजच्या कॅमेऱ्यातला, तुझ्या बैठकीत भिंतीवर आहे तोच. तृप्तीच्या लग्नातला. अंतरपाट बाजूला होतोय, अक्षता हवेत आहेत, तृप्तीनं हार उचललाय, तिच्यामागे मामा म्हणून मी उभा आहे. आणि उजव्या कोपऱ्यात नारिंगी आकडे, १४:११. पत्रिकेत मुहूर्त बारा वाजून एकेचाळीस मिनिटांचा. मधला दीड तास मी माईकवर होतो, असं तुमचं सगळ्यांचं ठरलं.

मी दहा मिनिटं बोललो. बरं, वीस. माझ्याआधी सत्कार चालले होते. टॉवेल-टोप्या कमी पडल्या म्हणून त्याच टोप्या काढून पुन्हा घातल्या जात होत्या, ते कुणाला आठवत नाही. माझं एक वाक्य मात्र सगळ्यांना पाठ आहे, "मुहूर्त टळला तरी चालेल, विचार टळता कामा नये." हो, म्हणालो होतो. टाळ्या पडल्या होत्या. तुझ्या हातात अक्षतांचं ताट होतं, तरी ते काखेत धरून तूही वाजवल्या होत्यास.

त्या वाक्यानं मला पुरतं बुडवलं. मला आता लग्नाला कुणी बोलवत नाही. परवा पारावर एक जण म्हणाला, "आमच्या पत्रिकेत छापून राह्यलो, कृपया आहेर आन् रामप्रसाद दोन्ही आणू नये." सगळे हसले. मीही हसलो. घरी आलो, कुलूप काढलं आणि दिवा लावायचा राहूनच गेला.

माझा मुहूर्तावर विश्वास नव्हता, नाही, राहणार नाही. पण आरोप केला तर तो सिद्ध करावा लागतो, यावर आहे. कल्याण फोटोवाल्याकडे त्या लग्नाचे सगळे फोटो अजून आहेत म्हणे. मी जाणार आहे.

गेल्या भाऊबीजेला तू चंद्राला ओवाळलंस, असं कळलं. ज्यांना भाऊ नसतो त्या बायका चंद्राला ओवाळतात. मी दोन एसट्यांच्या अंतरावर जिवंत आहे.

तुझा
दादा


तीर्थपुरी,
२४ ऑगस्ट २०२५

उषास,

पोळा झाला. माझ्याकडे बैल नाहीत, शेजाऱ्यांच्या बैलांना पुरणपोळी चारून आलो. मग कल्याणकडे गेलो.

तो म्हणाला, "काका, तुमच्या भाचीच्या लग्नाचं विचारूच नका. माझ्या आयुष्यातला सगळ्यात येडा आल्बम हाय त्यो."

झालं असं की त्या दिवशी फोटो तीन ठिकाणी निघाले. एक कल्याणचा स्वतःचा कॅमेरा. त्याची आतली बॅटरी गेलेली, चालू केला की घड्याळ एक जानेवारीपासून सुरू व्हायचं. त्या कॅमेऱ्याच्या हिशेबानं तृप्तीचं उन्हाळ्यातलं लग्न ऐन थंडीत मध्यरात्री लागलं. दुसरा धर्मराजचा, कोपऱ्यात आकडे उमटवणारा. आणि तिसरा तृप्तीच्या मैत्रिणीचा, रूपालीचा मोबाईल. तिनं आपले फोटो कल्याणला दिले होते, तेही त्यानं त्यातच टाकलेत.

मी म्हणालो, "सगळे एकत्र कर आणि वेळेनुसार ओळीनं लाव."

त्यानं लावले. उषा, तू हसली असतीस. आधी पाठवणी, मग हळद. मधेच जेवणाची पंगत, आणि पंगतीनंतर नवरदेव पारण्याच्या घोड्यावरून उतरतोय. पण त्यात एक गोष्ट अशी दिसली की मी खुर्ची पुढे ओढली. अक्षता दोनदा पडल्या आहेत! तोच अंतरपाट, तोच वर उचललेला हार, मागे तोच मी. रूपालीच्या मोबाईलमध्ये बारा एकेचाळीस, धर्मराजच्या कॅमेऱ्यात दोन अकरा. एकाच मुलीच्या डोक्यावर एकाच दिवशी दीड तासाच्या अंतरानं तेच तांदूळ.

कल्याण म्हणाला, "दोन्हीतलं एक खोटं बोलून राह्यलं."

"कोणतं?"

"ते मी कसं सांगू? मी तर एक जानेवारीवाला."

लग्न लावणाऱ्या गुरुजींनाही विचारून आलो. ते म्हणाले, त्या दिवशी मला तीन लग्नं होती. तिन्ही वेळेवर लावली असंच मी सगळ्यांना सांगत आलोय, तुम्हीही तेच समजा.

मी शोधणार. धर्मराजला गाठतो. तोवर एवढंच कर, येता-जाता त्या फोटोकडे बघताना कोपऱ्याकडे बघू नकोस. आपल्या पोरीच्या चेहऱ्याकडे बघ. किती खूश आहे ती.

तुझा
दादा


तीर्थपुरी,
१४ सप्टेंबर २०२५

उषा,

जिंकलो!

धर्मराज भेटला. दुकानात गिऱ्हाईक होतं, ज्वारीच्या बियाण्याची पाकिटं मोजता मोजता बोलत होता. मी विचारलं, "तो कॅमेरा लग्नाआधी कुठं नेला होतास का?" तो एकदम खुलला. "नेला होता ना! बँकॉकला. कंपनीनं नेल्तं आम्हाला. जालन्यातून चाळीस दुकानदार होतो, बियाण्याचं टार्गेट पुरं केलं म्हणून. लई फोटो काढले. सगळे घरी दाखवण्यासारखे न्हाईत."

"तिथलं घड्याळ लावलं होतंस कॅमेऱ्यात?"

"विमानातच लावलं. सगळ्यांनी लावलं."

"आणि परत आल्यावर?"

त्याची पाकिटांची मोजणी चुकली. मग म्हणाला, "परत कोण लावतं?"

बँकॉकचं घड्याळ आपल्या दीड तास पुढे असतं. दोन अकरातून दीड तास काढ, मला सांग काय उरतं ते.

एवढ्यावर तू ऐकणार नाहीस, तुझा स्वभाव मला माहीत आहे. म्हणून दुसरा पुरावा. कल्याणनं दाखवलं की मोबाईल फोटो काढतो तेव्हा त्याच्या पोटात वेळेसोबत हेही नोंदवतो, की ही वेळ कोणत्या देशाच्या घड्याळाची. रूपालीच्या फोटोत भारताची नोंद आहे. धर्मराजच्या कॅमेऱ्याला ती अक्कल नाही. तो नुसता आकडा छापतो. देश न सांगता वेळ सांगणारा साक्षीदार कोणत्या कोर्टात टिकेल?

आणि हेही सोड. धर्मराजच्याच कॅमेऱ्यातला पाठवणीचा फोटो बघ. तू तृप्तीला मिठी मारून रडते आहेस, तुझ्या तोंडावर ऊन आहे, तुमच्या दोघींच्या सावल्या गाडीपर्यंत गेल्या आहेत. कोपऱ्यातला आकडा २०:०५. रात्री आठ वाजता मंठ्यात ऊन पडतं का, उषा?

म्हणजे अक्षता बारा एकेचाळीसलाच पडल्या. मिनिटावर. मुहूर्त टळलाच नव्हता.

मोठ्यानं हसलो मी. घरात कुणी नसताना असं हसू आलं की आपलाच आवाज परका वाटतो. कारण बघ, मी मुहूर्ताला लाथ मारणारा माणूस म्हणून सहा वर्षं बदनाम झालो, आतून थोडा मिरवलोही. आणि प्रत्यक्षात? वेळ होताच माईक ठेवला आणि शहाण्या मामासारखा भाचीमागे जाऊन उभा राहिलो. माझं एकुलतं एक बंड बँकॉकच्या घड्याळानं केलं होतं!

आता तू मला टाळू शकत नाहीस. हे सगळे फोटो पेनड्राइव्हवर घेऊन मी येतो. टीव्हीवर लावू. शहागडहून विहीणबाईंना, प्रभावतीबाईंना बोलाव, त्यांनाही बघू दे. ज्यांनी ज्यांनी तो फोटो पाहून मान हलवली, त्या सगळ्यांसमोर एकदा लावू. मग तू मला चहा कर, गूळ घालून. माझी एवढीच मागणी आहे.

तुझा
दादा


तीर्थपुरी,
१९ सप्टेंबर २०२५

चि. तृप्तीस अनेक आशीर्वाद.

तुला बसमध्ये बसवून परत आलो. तू गेल्यावर घर पूर्वीपेक्षा मोठं वाटतंय. बोलताना माझ्याकडून बरंच चुकीचं बोललं गेलं, काही बोलायचं राहिलं. लिहिताना मला कुणी टाळ्या वाजवत नाही, म्हणून लिहितो.

तुझ्या आईला लिहिलेलं पत्र तू पाहिलंस, तिकीट लावून टेबलावर ठेवलेलं. सोमवारी टाकणार होतो, पेनड्राइव्ह तयार झाल्यावर दोन्ही एकदम करू म्हणून थांबलो. तेवढ्यात तू आलीस. धर्मराजनं घरी सांगितलं की मामा बँकॉकचं विचारत होते, आणि तू काय ते ओळखलंस. नर्सिंगचा वर्ग बुडवून आलीस.

तू दारातूनच म्हणालीस, "मामा, तो फोटो कुणाला दाखवू नका."

मी तुला सगळे पुरावे सांगितले. ऊन सांगितलं, मोबाईल सांगितला. तुला आनंद होईल असं मला खरंच वाटत होतं. मग मी मुहूर्त, पंचांग, बाईच्या कपाळावर लिहिलं जाणारं पुरुषाचं मरण, या सगळ्यावर बोललो. उभा राहून बोललो, आत्ता आठवून लाज वाटते. तू पाण्याचा तांब्या हातात धरून ऐकून घेतलंस आणि म्हणालीस, "झालं का मामा? इथं टाळ्या वाजवायला मी एकटीच हाय, आन् माझे हात गुंतलेत."

मग तू सांगितलंस ते मी पुन्हा लिहितो. मला ते नीट समजलं की नाही, हे तुला कळायला हवं.

आदिनाथला अग्नी दिला त्या दिवसापासून भावकीतल्या बायका तुला पांढऱ्या पायाची म्हणायला लागल्या. चार वर्षांत नवरा खाल्ला म्हणाल्या. तुला माहेरी धाडायचं ठरत होतं. तेव्हा तुझ्या सासूबाईंनी आपल्या भिंतीवरची त्या फोटोची प्रत काढून आणली आणि कोपऱ्यावर बोट ठेवलं. "पोरीच्या पायाला बोल लावू नका. मुहूर्तच हुकल्ता. मामानं हुकवला. पोरीचा काय दोष?" आणि तेराव्याला तुझी आई मला भर मांडवात बोलली, तेव्हापासून बायका गप्प झाल्या. त्यांना दोष ठेवायला माणूस मिळाला. तो तिथून शंभर जणांदेखत मान खाली घालून गेला, म्हणजे कबूलच झाला.

तू सासरी राहिलीस. प्रभावतीबाईंनी तुला जालन्याला शिकायला पाठवलं. त्यांच्या मनात तू निर्दोष आहेस म्हणून त्या रोज पहाटे तुझा डबा करतात.

"आन् आता तुम्ही मुहूर्त बराबर होता म्हणून दाखवा," तू म्हणालीस. "मंग तो कशानं मेला? ट्रॉलीनं, असं म्हणणारं त्या घरात कुणी न्हाई मामा. मंग माझ्या पायानंच."

मी म्हणालो, "पण हे खोटं आहे, तृप्ती."

"दोन्हीबी खोटंच हाय. मुहूर्तानं मेला हेबी खोटं, माझ्या पायानं मेला हेबी खोटं. पण एका खोट्यात माझं शिक्षण होऊन राह्यलं. दुसऱ्यात मला आजच्या आज घर सोडावं लागंल. तुम्ही खरं घेऊन या, मी न्हाई म्हणत न्हाई. पण माझी नोकरी लागू द्या आधी."

पोरी, मी कपाटभर पुस्तकं वाचली. सत्यासाठी विष प्यायलेल्यांची, जळलेल्यांची. ती माणसं स्वतः जळली. भाचीला जाळून सत्य सिद्ध करा, असं कोणत्याच पुस्तकात नव्हतं.

तुझ्या आईनं त्या दिवशी ते वाक्य खरं मानून म्हटलं की बायकांची तोंडं बंद व्हावीत म्हणून, हे मी तुला विचारणार होतो. बस आली. बरं झालं. मला ते माहीत करून घ्यायचं नाही. दोन्हीपैकी काहीही असलं तरी मला त्याच जागी उभं राहायचं आहे, तुझ्यामागे.

एक शब्द मात्र परत घेणार नाही. ट्रॉलीच्या दिव्यांसाठी मी बोलणार. या हंगामात कारखान्याच्या फाटकावर उभा राहणार, एकटा असलो तरी. त्यात मुहूर्ताचं नाव येणार नाही आणि तुझंही.

पोळ्यानंतरच्या पत्रात मी तुझ्या आईला दोन वेळांचं कोडं कळवून बसलो आहे. ते सोडवावं लागेल. मी शब्दांत पकडला जाणार नाही असं वाक्य शोधत होतो, "कोपऱ्यातला आकडा १४:११ असाच आहे," असं काहीतरी. खरंही आणि फसवंही. वकिलाला शोभेल. पण ते नको. खोटं बोलायचंच तर सरळ बोलेन.

ते टेबलावरचं पत्र आणि पेनड्राइव्ह कपाटात ठेवतोय. तू आपल्या पगारावर उभी राहिलीस की माग. तोवर मी नसलो तर किल्ली कल्याणकडे असेल. नाही मागितलंस तरी राग नाही.

डबा वेळेवर खात जा.

तुझा
मामा


तीर्थपुरी,
२३ ऑक्टोबर २०२५, भाऊबीज

उषास,

मी शोध पुरा केला. रूपालीच्या मोबाईलची वेळ चुकीची होती. धर्मराजच्या कॅमेऱ्याची बरोबर आहे. मुहूर्त टळला, आणि तो माझ्यामुळे टळला. तृप्तीचा त्यात काही दोष नाही. प्रभावतीबाईंना हे पत्र वाचून दाखव, आणि भावकीत कुणी विचारलं तर त्यांनाही.

तेराव्याला तू मला जे बोललीस, ते एका वाक्याचं होतं. मी जन्मभर बोललो, पण एवढं कामाला आलेलं भाषण माझ्या हातून कधी झालं नाही.

भिंतीवरचा फोटो काढू नकोस. त्यात मी तृप्तीमागे उभा आहे, सगळ्या लग्नात फक्त त्या एका फोटोत माझं तोंड बंद आहे. ते तसंच असू दे.

मघाशी ओट्यावर गेलो होतो. दिवस मावळल्यावर पश्चिमेला चंद्राची बारीक कोर दिसत होती. मंठ्यातही दिसत असेल. ती लवकर बुडते, तेव्हा ताट करायला उशीर करू नकोस.

यंदाही त्यालाच ओवाळ. माझ्यापेक्षा बरा भाऊ आहे तो. भाषण करत नाही.

तुझा
दादा